गोड नाव

३ मे
चि. छकुलीस, अ. उ. आ.
आजी नावाची एक बाई असते, हे विसरली असशील म्हणून कळवते: मी जुन्याच पत्त्यावर आहे आणि अजून जिवंत आहे. हे मी सांगतेय आणि खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहितेय. ती म्हणते, पोरीला इतकं टोचू नका. सुई तिच्या हातात आणि नाव माझं!
तुझी आई म्हणते, हापिसात तू विषाची बारशी करतेस. हे काय खूळ, ते नीट लिही.
लोभ आहेच, त्यावर धूळ बसू देऊ नकोस.
तुझी आजी

११ मे
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.
चुकले. बारसं कंपनी करते, मी फक्त नाव तपासते. त्यांनी फवारणीसाठी नवं रसायन काढलंय. ते ज्या ज्या औषधात असेल, त्या प्रत्येक बाटलीवर एकच नाव छापणार: ‘मधुलीन’. फवारणीच्या दुसऱ्या कुठल्या औषधाशी ते जुळत नाही ना, एवढं मी बघायचं. नाही जुळत. वीस तारखेला माझी सही झाली की नोंदणीला जाईल. माझं पहिलंच स्वतंत्र काम. तुझ्या कानाला कसं वाटतं?
पत्रं लिहीन, राग सोड.
छकुली

१५ मे
चि. छकुलीस, अ. उ. आ.
गोड वाटलं, तीच अडचण आहे. शिवणवालीने वाचताच मी विचारलं, खोकल्याचं का गं? तूसुद्धा ‘औषध’च लिहिलंस. पिकाचं ते औषध, माणसाचंही औषध. तुम्हाला लेबल वाचता येतं, आम्हाला नुसतं नाव ऐकू येतं.
आता सांगते ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. आजोबांच्या चहात तू मीठ घालायचीस आणि ते मुकाट्याने प्यायचे. तापात चव गेली, असं आम्ही सांगत आलो. ताप नव्हता, खोकला होता. फडताळात दोन तपकिरी बाटल्या होत्या, एक खोकल्याची, एक फवारणीची. त्यांनी विचारलं, कुठलं देतेस? मी म्हटलं, ते गोड नावाचं. दोन्ही नावं गोडच होती. त्यांनी तोंड उघडलं. लगेच थुंकले म्हणून वाचले, जिभेची चव मात्र कायमची गेली.
त्यानंतर ते रोज म्हणायचे, स्वयंपाक छान झालाय.
शिवणवाली लिहायची थांबलीय. मी म्हटलं, लिही. सही तुझी आहे, तूच ठरव.
आजी

२४ मे
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.
सही केली नाही. माणसांच्या औषधांची यादी काढून बघितली. एका अक्षराच्या फरकाने खोकल्याचं औषध सापडलं, तेही मुलांचं. साहेब म्हणाले, तो वर्ग वेगळा, आपला वेगळा. मी म्हटलं, फडताळात वर्ग नसतात. काल कळलं, नाव बदलणार. पुढचं काम मात्र माझ्याऐवजी दुसऱ्या मुलीला दिलंय.
नवं नाव ‘खर्डॉक्स’. चहातल्या मिठाची माफी आता कुणाकडे मागू?
छकुली

३० मे
चि. छकुलीस, अ. उ. आ.
माफी मागणाऱ्या आपण दोघी आणि ज्यांच्याकडे मागायची, ते दोघींनाही कधी काही बोलले नाहीत. तेव्हा गप्प बस आणि दुसऱ्या मुलीला फडताळाचं सांगून ठेव. नवं नाव वाचताना शिवणवाली तीनदा अडखळली. झकास आहे.
मला थोडा खोकला झालाय. घाबरू नकोस, मध पाठव. बरणीवर अक्षर नको, मधमाशी काढ. आणि झाकण लावण्याआधी बोट बुडवून स्वतः चाखून बघ.
आजी