तिरका काप

३ मार्च

पोचले एकदाची! स्टँडवर भावोजी स्वतः घ्यायला आले होते, हातात पिवळ्या गुलाबांचा गुच्छ. मला आजवर कोणी फुलं दिली नव्हती. दुकानातली उरलेलीच असणार, असं म्हटल्यावर ते खळखळून हसले.

पुढे फुलांचं दुकान, मागे तीन खोल्या. ताई मागच्या खोलीत उंच खुर्चीवर बसलेली असते, पाय स्टुलावर ठेवलेल्या पसरट टबात सोडून. पायांची आग होते म्हणे. बाकी लग्नात दिसत होती तश्शी दिसते, गालावर एक रेघ नाही. मला बघताच तिने हात पसरले. ढब्बे, किती वाळलीस गं, म्हणाली. ढब्बे म्हणणारं माझं जगात आता एवढंच माणूस उरलंय.

आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. गेल्या महिन्यात हिचा फोन आला, दुकानाला घरचं माणूस हवंय, ये. मी नोकरी सोडली, खोलीही सोडली. मैत्रिणी म्हणाल्या, काहीतरी हातचं राखून ठेव. ताईपाशी कसलं आलंय हातचं राखणं!

६ मार्च

कामाला लागले. भावोजी शिकवतात छान, फक्त मास्तरकी जरा जास्त. देठ पाण्यात बुडवूनच कापायचा, म्हणजे आत हवा शिरत नाही. कापायचा तो तिरका, म्हणजे फुलाला भरपूर पाणी पिता येतं. पाण्याखालची पानं काढून टाकायची, नाहीतर कुजतात. चिमूटभर साखर आणि ब्लीचचे थेंब घालायचे. पाणी रोज बदलायचं आणि देठही रोज थोडा छाटायचा. पिकलेली फळं जवळपास नकोत, त्यांच्या शेजारी फुलं लवकर माना टाकतात. मी सफरचंदं आणून नेमकी बादलीशेजारी ठेवली आणि बोलणी खाल्ली.

रोज छाटत गेलं तर एक दिवस देठ संपेलच की, मी विचारलं. मग उथळ वाडग्यात नुसतं फूल तरंगत ठेवायचं, ते म्हणाले. तेही बरं दिसतं, पण फार टिकत नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीत ताईच्या हातातून पेला निसटून फुटला. काचा मीच वेचल्या.

११ मार्च

शेजारच्या शिवणवाल्या काकू ताईचे लांब झगे घेऊन आल्या. दर महिन्याला त्या ते खालून थोडे आखूड करून देतात. ही कुठली फॅशन, म्हणून मी ताईला चिडवलं. पाण्यात भिजतात गं, म्हणाली. पटलं.

काकूंनी माझ्यासाठीही दोन झगे आणले होते, ताईने सांगून शिवलेले, अगदी मापात! इतक्या वर्षांत भेट नाही आणि हिला माझं माप तोंडपाठ. मला रडूच आलं. काकू मात्र घाईघाईने निघून गेल्या.

१६ मार्च

लग्नसमारंभाची मोठी ऑर्डर होती. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडले. ताईने माझ्यासाठी दुसरा टब आणवला. पाणी दुधासारखं पांढुरकं, आतलं काही दिसत नाही. पण काय सुख होतं! शीण कुठल्या कुठे पळाला, जेवायचीही आठवण झाली नाही.

तेवढ्यात भावोजींनी पाण्यात हात घातला. मी संकोचून पाय ओढायला गेले, तर ताई म्हणाली, अगं लाजतेस काय, नखं काढून देताहेत. गार काहीतरी लागलं. दुखलं अजिबात नाही.

१८ मार्च

चप्पल सैल झालीय. लांब झग्याखाली पाय दिसत नाहीत, पण पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी निसटते. नीट बघावं म्हणून आज टबातून पाय वर घेतला, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मान लुळी पडली. ताईने खुर्चीवरूनच हात लांब करून माझा पाय पाण्यात दाबला. क्षणात बरं वाटलं, मग पुन्हा वर काढायचा धीर झाला नाही.

चेहरा मात्र विलक्षण टवटवीत झालाय. गिऱ्हाइकं वळून बघतात. मला ते आवडत नाही.

२० मार्च

दुपारी काकू आल्या. भावोजी बाहेर, ताईचा डोळा लागलेला. मी त्यांच्या शिलाईचं कौतुक केलं. त्या खाली बघत म्हणाल्या, ते झगे वर्षापूर्वीच शिवून ठेवलेत.

वर्षापूर्वी. आणि मला फोन गेल्या महिन्यात.

मी विचारत राहिले. मला यांच्याच शेजारी राहायचंय, एवढंच बोलून त्या गेल्या.

मग मी ताईच्या झग्याचा घेर उचलला. गुडघ्यांखाली काही नाही. रक्त नाही, जखम नाही. दोन्हीकडे स्वच्छ, ओला, तिरका काप.

मग टबात हात घालून माझा डावा पाय चाचपला. बोटं—

एकही नाही.

२१ मार्च

ताईला विचारलं. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मी विश्वास ठेवला असता, इतकी मी वेडी आहे.

सगळं शांतपणे सांगितलं तिने. भावोजींना शिळं काही खपत नाही. कोमेजली असती तर त्यांनी तिला कधीच टाकून दिलं असतं. एकटी असली की रोज कात्री लागते. दोघी असल्या की एक दिवसाआड. लहानपणी आपण सगळं निम्मं निम्मं करायचो ना, ढब्बे? मला वाडग्यात नाही गं जायचं.

माझा हात धरून हे बोलली. मायेने. ते मला सहन होत नाही. बोटं गेली त्यापेक्षा हे जास्त—

२२ मार्च

सरपटत निघाले. दार दिसत होतं. रस्त्यावरची माणसं दिसत होती. हाक मारणार तेवढ्यात भावोजींना बोलावायची घंटी वाजली. ताईने वाजवली. माझ्या ताईने.

मान पडली. भावोजींनी दोन्ही हातांनी अलगद उचलून आणलं, फूल उचलावं तसं. रागावलेसुद्धा नाहीत. आज माझा दिवस होता—

घोटा गेला.

२३ मार्च

आज ताईचा दिवस. आज मी सुटले. असा विचार मनात आला आणि माझी मलाच किळस—

भावोजी आलेत. कात्री पुसताहेत. काल कोणाचा दिवस होता, ताईला विचारताहेत— ते विसरलेत— खरंच विसरलेत—

ती माझ्याकडे बघतेय. काल माझा होता, ताई. तुला माहीत आहे. सांग ना त्यांना—

डोळे भरलेत तिचे. ती म्हणतेय, काल माझा झा