उत्तरेकडचा कोपरा

इमात्रा,
सोमवार, १९ मे

प्रिय यार्को,

'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून. त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी ओरडते नि तू गप्प बसतोस, म्हणून हे पत्र. पोस्टावर माझा भरवसा नाही, तुझ्या भावाला गुरुवारी तुझ्याकडे कौवोलाला यायचंय, तोच आणून देईल. त्याने ते उघडलं तर मला कळेल, हेही त्याला सांगितलंय.

आधी बातमी. वेन्ला पास झाली. गणितात तिला मिळालंय ते मला किंवा तुला सात जन्मांत मिळालं नसतं. ३१ तारखेला शनिवारी सकाळी शाळेत शिक्षण पुरं झाल्याची पांढरी टोपी, आणि दुपारी दोनला घरी चाळीस माणसं. तू यादीत नाहीस. यादी वेन्लाने केलीय, मी फक्त खुर्च्या मोजल्या. आणि हो, बैठकीच्या खोलीची जमीन झाली. पूर्ण. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तू नाही केलीस, मी केली.

'तीन आठवडे' म्हणाला होतास, आठवतं? दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये पहार घेऊन उभा राहिलास तेव्हा. जुन्या फळ्या उचलायच्या, थंडी अडवायला खाली भरलेला भुसा काढायचा, वासे बघायचे, नव्या फळ्या टाकायच्या, आणि तीन आठवड्यांत सगळं खलास. खोली अर्धी उकरून झाली, वासे कुजलेले निघाले, आणि ऑगस्टमध्ये तू हातावर तुरी देऊन मोकळा झालास. दोन हिवाळे आम्ही मायलेकी वाशांवर टाकलेल्या सुट्या फळकुटांवरून चाललोय यार्को. वेन्लाने सगळी परीक्षा नमद्याचे बूट घालून, टेबलाखाली चूल लावावी इतक्या थंडीत काढली. फळकूट कुठलं हलतं, कुठल्यावर पाय द्यायचा नाही, हे आम्हाला तोंडपाठ झालं होतं. पोस्टवाली एकदा आत आली नि सरळ गुडघ्यापर्यंत खाली गेली. तिला उचलताना मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही, हे पत्र वेन्ला वाचणार आहे.

मार्चमध्ये मी ठरवलं, बस्स. या देशात पोरीला टोपी मिळायच्या आत जे घर दुरुस्त होत नाही ते कधीच होत नाही. सगळी गल्ली मे महिन्यात रंग नाहीतर खिळे हातात घेऊन पळत असते, आणि आमच्याच घरात पाहुण्यांनी फळकुटांवरून कसरत करायची? शेजारच्या पेंट्टीकाकांना म्हटलं, काका, शिकवा. ते म्हणाले, "मेर्वी, तुला केक धड कापता येत नाही, तू फळी काय कापणार?" ब्याऐंशी वर्षांचा माणूस, त्यांना काय बोलणार. पण रोज सकाळी आठला खुर्ची घेऊन दारात येऊन बसायचे, आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. फळ्या आल्या त्या दिवशी मी लगेच ठोकायला निघाले तर काठी आपटून ओरडले, "अगं बाई, निदान दोन आठवडे त्यांना खोलीत पडू दे! पाहुणा आला की लगेच कामाला जुंपतेस का?" खरं होतं त्यांचं. ओल्या फळ्या ठोकल्या तर थंडीत आकसतात आणि मध्ये बोटबोट फटी पडतात. मी थांबले. थांबणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण थांबले. तोवर कुजलेल्या वाशांना दोन्ही बाजूंनी नवं लाकूड जोडलं. भुशाची शहात्तर पोती मी एकटीने बाहेर काढली. कुजका भुसा कसा वास मारतो हे तुला सांगायला नको. दक्षिणेच्या भिंतीपासून सुरुवात केली, दोरी ताणून, भिंतीपाशी बोटभर जागा सोडून. तिसऱ्या ओळीत एक फळी उलटी कापली, पुढची फळी जिच्यात अडकायची ती खाच भिंतीकडे गेली. काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण दहाव्या ओळीपासून हसले नाहीत. एकदा नुसतं म्हणाले, "यार्कोपेक्षा सरळ आहे." हे तुला मुद्दाम कळवतेय.

आणि हा कुजका प्रकार कुणामुळे, हे मी दोन वर्षं सगळ्या गावाला सांगत होते. तुलाही तोंडावर सांगितलं. पायाच्या भिंतीतली हवेची भोकं थंडीत झडपा लावून झाकायची आणि मेच्या एक तारखेला उघडायची, एवढं एकच काम घराच्या पुरुषाकडे, आणि ते याला जमलं नाही. भोकं बंद राहिली, हवा खेळली नाही, ओल आतल्या आत राहिली, घर खालून सडलं. त्याच वर्षी जूनमध्ये, युहानुसच्या सणाला शेकोटीपाशी, तुझी आई, माझे भाऊ, शेजारी, वेन्ला, सगळ्यांसमोर मी म्हणाले होते की हा माणूस साधी झडप उघडायची विसरतो आणि माझ्या पोरीच्या पायाखालची जमीन खातो. सगळे हसले. कुणी तरी म्हणालं, यार्को, बोल की काही. तू तोंडात मिठाची गुळणी धरून सॉसेज परतत राहिलास. मी घरी येऊन वेन्लाला म्हटलं, बघ, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प. तिनेही तेच धरलं. तिच्या यादीत तू का नाहीस याचं कारण तिला विचारलंस तर ती हेच सांगेल. म्हणजे, गेल्या आठवड्यापर्यंत हेच सांगितलं असतं.

गेल्या मंगळवारी मी उत्तरेच्या कोपऱ्यापाशी पोचले. तो कोपरा तू सगळ्यात आधी उघडला होतास आणि पुन्हा फळ्या ठोकून बंद केला होतास, खिळ्यांची डोकी लाकडात पार बुडवून, तुझ्या पद्धतीने. मला वाटलं, कंटाळला असेल. मी फळ्या काढल्या. खाली वाळूवर, भोकापासून हातभर अंतरावर, माझा पिवळा स्वेटर होता. वेन्लाच्या वेळी पोट वाढलं तेव्हा मी विणलेला. घडी केलेला. बाह्या आत दुमडून, गळा वर, फौजेत शिकवतात तशी घडी. त्याच्याखाली माझी दोन जुनी लोकरीची पांघरुणं, तीही तशीच. या घरात अशा घड्या कोण घालतं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी तिथेच वाशावर बसले. काका म्हणाले, "काय झालं, उंदीर?" मी म्हटलं, हो, उंदीर.

तू विसरला नव्हतास. तू दर मेच्या एक तारखेला झडपा उघडल्यास, अठरा वर्षं. वेन्ला रांगायला लागली त्या हिवाळ्यात जमीन बर्फासारखी होती, तिचे तळवे निळे पडायचे. मी म्हणाले, उत्तरेची भोकं आतपर्यंत बुजवून टाक. तू म्हणालास, नको, जमिनीला श्वास लागतो, नुसती झडप पुरे, मोजे घाल तिला. तुझ्या त्या शांत आवाजाची मला इतकी चीड आली की तू कामावर गेल्यावर मीच झडप उघडली, स्वेटर नि पांघरुणं कोंबली, आणि झाडूच्या दांड्याने हात पोचणार नाही एवढी आत ढकलली. झडप परत लावली. मे महिन्यात तू झडप उघडलीस तेव्हा मी खिडकीतून बघत होते. काढायला हवं, सांगायला हवं, हे माहीत होतं. पण मग कबूल करावं लागलं असतं की तुझं ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात काढू म्हटलं, मग पुढच्या. मग खरंच विसरले. विसरले म्हणजे काय, तो विचार आला की दुसरं काहीतरी काम काढायचे. आणि शेवटी तुलाच बोल लावताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

पण तुझ्यावरचा राग यामुळे कमी झाला असं समजू नकोस. उलट वाढला. तुला एप्रिलमध्येच कळलं होतं. स्वेटर माझा हे तुला बघताक्षणी कळलं असणार, तू तो माझ्या अंगावर सहा महिने पाहिला होतास. मग बोलला का नाहीस? माझ्या तोंडावर का नाही फेकलास? चार महिने माझ्या शेजारी जेवलास, झोपलास, शेकोटीपाशी माझं बोलणं ऐकलंस, आणि मूग गिळून बसलास. मोठेपणा हवा होता का तुला? मला दया दाखवत होतास? बोलला असतास तर भांडलो असतो, ताटं फुटली असती, आणि कदाचित सकाळी कॉफी घेतली असती. त्याऐवजी पोरीचा बाप म्हणून असलेली स्वतःची पत तू फुकट घालवलीस, आणि ती माझ्यासाठी घालवलीस, मला न विचारता. कुणी सांगितलं होतं? दोन वर्षं मी तुझा राग धरून उभी राहिले. आता तो कुणावर काढू, सांग ना.

बुधवारी सकाळी मी वेन्लाला सगळं सांगितलं. ती दही खात होती. चमचा ठेवला. मग म्हणाली, "मग यादीत नाव कुणाचं नको होतं, आई?" त्यानंतर तीन दिवस माझ्याशी शब्द नाही. शनिवारी येऊन समोर कागद ठेवला आणि म्हणाली, "लिही त्यांना. स्वतःच्या हाताने. काय केलंस ते लिही, आणि 'पण' लावू नकोस." 'पण' मी लावलेत, तुला दिसलेच असतील, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिने यादीत तुझं नाव सगळ्यात वर लिहिलंय. मी मात्र तिच्या सांगण्यावरून एवढंच करून सुटणार नाही. शेकोटीपाशी मी चाळीस माणसांसमोर बोलले होते, तेव्हा येत्या शनिवारनंतरच्या शनिवारीही चाळीस माणसांसमोर बोलणार आहे. कॉफी ओतून झाली की मी उभी राहीन आणि हे घर कुणी सडवलं ते सांगेन, स्वेटरसकट, तुझ्या आईच्या देखत. मला माफी नको, माझ्याशी बोलायचीही गरज नाही. कोपऱ्यात उभा राहा, केक खा, पोरीला मिठीत घे आणि चारच्या गाडीने परत जा. तू आला नाहीस तरी मी बोलणार आहेच. पण ते वेन्लाला तिच्या बापाच्या शेजारी उभं राहून ऐकू दे यार्को. तिचं एवढं तरी मी परत करू शकते का ते आता तुझ्या हातात आहे.

तुझीच (आणि या शब्दावर एक अक्षर बोलू नकोस),
मेर्वी