मेजर कादिर यांचा पगार

शनिवार, २ ऑक्टोबर १९९९, जेद्दा

शत्रूला पगार द्यायचा! लढाईत पकडलेल्या अधिकाऱ्याला, दरमहा, हुद्द्याप्रमाणे – आणि तो पकडणाऱ्याने द्यायचा! पुढे दोन्ही देश आपसात फेडून घेतात. असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे म्हणे. अरबीत एम.ए. केलं, इतकी वर्षं इथे दुभाष्याचं काम केलं, आणि हे मला आज कळतंय.

हॉटेलात दोन शिष्टमंडळं बसलीत. देशांची नावं इथेही लिहीत नाही, गुप्ततेची शपथ घेतलीय. तिकडे लढाई चालूच आहे, इकडे पगारावर बोलणी. एक बाजू अरबी बोलते, दुसरी इंग्रजी. मधे मी. दोन्हीकडचं ‘आम्ही’ माझ्याच तोंडून निघतं. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं.

शेजारी हम्माद हा सौदी तरुण बसतो. सौदीकरण! माझ्या जागेसाठी ऑफिसने त्याला घेतलंय, आणि शिकवायचं मीच. “उस्ताद इसहाक, उस्ताद इसहाक” करत चहा आणून देतो. धड राग तरी कसा करणार?

रविवार, ३ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरची सफूरा आली होती. भावाकडे राहते, बायकांचे कपडे शिवते. तिचा नवरा कादिर – सैन्यात कॅप्टन – याच लढाईत शत्रूच्या कैदेत आहे. गेल्या रमजानपासून पत्र नाही. मला न्यायला रोज हॉटेलची गाडी येते, ती पाहून तिने बोलण्यांचं ओळखलंय.

माझ्या बायकोच्या, रईसाच्या मागे, दारातच उभी राहिली. “भाऊ, बातमी नको मला. त्यांचं नाव निघालं का, एवढंच.”

“मला बोलता येत नाही, बहीण.”

“बरं,” म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

रईसा भाताचं पातेलं आपटत म्हणाली, “माणूस आहात का टेपरेकॉर्डर?”

सोमवार, ४ ऑक्टोबर

नाव निघालं! कादिर! गावासकट!

पकडणारे म्हणाले, “आम्ही पकडला तेव्हा कॅप्टन होता. कॅप्टनचाच पगार देऊ.” त्याचे लोक म्हणाले, “आमच्या सरकारने त्याला मेजर केलंय, तेही पकडल्याच्या तारखेपासून. मेजरचा द्या.” सकाळभर हेच. टेबलावर मुठी आपटल्या. एका माणसासाठी! हम्मादने पाणी पुढे केलं.

कैदेतल्या माणसाला त्याचं सरकार बढती देतं, त्याच्या पगारासाठी शत्रूशी भांडतं. म्हणजे तो आहे! नसलेल्या माणसाच्या पगारावर कोण इतकं भांडेल?

पण शपथ.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

जिन्यात भेटली. काही विचारलं नाही, फक्त पाहिलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. वर “मेजर” असंही म्हणालो! ती भिंतीला धरून खालीच बसली, तोंडावर ओढणी दाबून. हसत होती का रडत होती, कळलं नाही.

जिवंत आहे, असं मी म्हटलेलं नाही. एकच शब्द, तोही खरा. – वकिली! शपथ मोडली ती मोडलीच. पण मग इतकं हलकं का वाटतंय? लोकांच्या तोंडचंच बोलत आलो, आज एकदा स्वतःचं बोललो, म्हणून? की तिच्यावर उपकार करायचे होते?

रईसाने न मागता खीर केली.

बुधवार, ६ ऑक्टोबर

सफूराने रईसाकडून माझा निळा शर्ट मापाला नेलाय – “त्यांच्यासाठी शर्ट शिवतेय, ते यांच्याच अंगाबांध्याचे आहेत.”

शनिवार, ९ ऑक्टोबर

खलास. मॅनेजर म्हणाला, “दुपारपासून हम्माद एकटा बसेल. दुभाष्याची जागा आता सौदीचीच.” इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, डिसेंबरपर्यंत, पुढे नाही. बोलणी अर्धी असताना उठवलं! आज दुपारी पहिल्यांदाच मी हॉटेलच्या लॉबीत नुसता बसलो होतो. गाडीही मिळाली नाही, टॅक्सीने आलो.

रईसा एवढंच म्हणाली, “त्या बाईचं काम तरी झालं तुमच्या हातून.” तेच धरून बसलोय.

रविवार, १० ऑक्टोबर

असरच्या, दुपारच्या नमाजानंतर हम्माद आला, खजुराचा डबा घेऊन. शाबासकी हवी होती. “उस्ताद, मेजरचा प्रश्न मिटवला! मेजरचाच पगार. मृत्यूच्या दिवसापर्यंतचा. बायकोला मिळेल.”

“कुणाच्या मृत्यूच्या?”

“कादिरच्या. कैदेतच वारला ना, गेल्या हिवाळ्यात. बढती त्यानंतरची, शहीद म्हणून.” मग माझ्याकडे बघत राहिला. “तुम्हाला माहीत नव्हतं? दोन्ही बाजूंना माहीत होतं. म्हणून तर कुणी बोललं नाही.”

जे बोललं गेलं, ते सगळं मी बरोबर सांगितलं. एक शब्द चुकलो नाही.

रईसा डोक्यावर ओढणी घेऊन दारात उभी आहे. “चला,” म्हणते, “मी आहे बरोबर.” खाली सफूराचं शिलाई मशीन चालू आहे. थांबलं की उतरू, असं म्हणालो.

थांबत नाहीये.