बॅगेच्या हँडलवरचा पाहुणा

प्रिय सौ.,

आम्ही सगळे मजेत आहोत. परवा लेकीने धबधबा दाखवला. मी सगळ्यांच्या आधी वर पोचलो आणि मग अर्धा तास एकटाच बाकावर बसून राहिलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो, गाठलंत ना? आता बसा!"

तुझा गुडघा कसा आहे? नुसतं "बरा आहे" असं ठोकून देऊ नकोस. कुंड्यांना पाणी शेजारीणबाईंना घालू दे.

इथे एक घोटाळा केला मी. लेकीच्या बागेत तण माजलं होतं, ते कुणाला न विचारता उपटलं. नात रडकुंडीला आली. "आजोबा, ते अळ्यांचं जेवण होतं!" कचरा उपसल्यावर एकच अळी सापडली. तिला पाला घालून व्हरांड्यात ठेवली, माझ्या बॅगेशेजारी. बॅग अर्थातच मी आठ दिवस आधी भरून ठेवली होती.

सकाळी पाहतो तर बॅगेच्या हँडलला कोश लटकलेला! नातीचं फर्मान सुटलं, "बॅग हलवायची नाही." फुलपाखरू निघायला दोन आठवडे लागतात म्हणे. जावयांनी हसत हसत माझं परतीचं तिकीट पुढे ढकललं.

रागावू नकोस. तू हळू चालतेस म्हणून तुला घरी ठेवून आलेला माणूस इथे एका अळीसाठी खुर्ची टाकून बसलाय. माझी मलाच लाज वाटते.

गुडघा बरा झाला की दोघं येऊ. धबधब्यावर आधी तू पोचायचंस.

तुझा,
उतावळा