गारुडीच लिहा

कोल्हापूर,
६ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस आबाचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. एका शब्दापायी वर्षभरात काय काय गेलं ते ऐक. दोन मंगल कार्यालयांची कामं, हॉटेलातला रविवारचा खेळ आणि तुझ्या आईचं आठवडाभर माझ्याशी बोलणं. सगळ्यांचं एकच, पाटीवरचं ‘गारुडी’ काढा, ‘जादूगार’ लिहा. आता तू शिकवतेस त्या शाळेचे मुख्याध्यापकही तेच म्हणतात, नाहीतर स्नेहसंमेलनात खेळ नाही. गारुडी म्हटलं की पालकांना रस्त्यावर डमरू वाजवणारा दिसतो म्हणे.

दिसू दे की. मी रस्त्यावरच शिकलो. जादू हाय असं ज्याला वाटतं त्यानं जादूगार व्हावं. आपल्या घरातली जादू, करणी, चमत्कार तुझ्या आजोबांनी छप्पन सालीच उंबऱ्याबाहेर काढले. माझ्याकडं आहे ती हातचलाखी. गारुडी आधी बजावतो, नीट बघा, फसवणार आहे. आणि मग फसवतो. याहून सरळ धंदा मला दाखव. भाषण रंगलं की पुढारी ‘शब्दांचा जादूगार’ होतो, आणि लोकांना भुलवून निवडून आला की ‘गारुड केलं’ म्हणतात. कौतुक त्यांना, बोल आम्हाला.

माझे गुरू रुद्राप्पा तुझ्याच नेसरीचे. भर बाजारात लोक त्यांना गारुडी म्हणून हाक मारायचे आणि ते ताठ उभे राहायचे. तो शब्द त्यांनी फेट्यासारखा मिरवला. मी पुसणार नाही, खेळ गेला तरी चालेल.

लोभ आहेच, वादात आटवू नकोस.

तुझा,
आबा

नेसरी,
१४ जानेवारी २०२५

ती. आबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. पुढाऱ्याच्या ओळीला हसले, पण बधले नाहीत. माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, हे तुम्हाला आठवतं ना? तरी सांगून टाकलं, माझे वडील गारुडी आहेत, बोलवायचं तर तसंच बोलवा. शेवटी सर म्हणाले, लिहा फलकावर, पण तक्रार आली तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी हो म्हटलं.

रुद्राप्पांच्या पत्नी शांतादेवी अव्वांना पहिल्या रांगेत बोलावलंय. तो चमकीचा कोट मात्र आणू नका. शब्दाची नाही, मला कोटाची लाज वाटते.

तुमच्या हट्टासकट तुमचीच,
संघप्रिया

कोल्हापूर,
२८ जानेवारी २०२५

चि. संघप्रियास जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

एसटीनं सुखरूप पोचलो. शाळेत गारुडी कशाला आणला म्हणून पालकांतल्या त्या पावण्यानं उभं राहून विचारलं, तेव्हा मी पडद्याआड होतो, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. तू माईकवर सांगितलंस, की हा माणूस तुम्हाला सांगून फसवणार आहे, बाकीचे सांगत नाहीत. आणि ते माझे वडील आहेत. त्याला पडली तशी टाळी माझ्या एकाही खेळाला पडली नाही. कोटाबद्दल माफी मागणार नाही.

पाटीला नवा रंग दिला. अक्षर आधीपेक्षा मोठं घेतलंय. तुझी आई बोलायला लागली आहे, मुख्यतः त्याबद्दलच.

असंच भांडत राहा, माया धर.

तुझा,
आबा

ता. क. खेळ संपल्यावर अव्वांच्या पाया पडलो, म्हटलं, मालकांचा शब्द राखला. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या मालकांना कुणी गारुडी म्हटलं, की त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. त्यांना प्रोफेसर म्हणावं लागायचं.