घेतल्या ४३१२, सुटली १

१८ ऑक्टोबर २००४, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. तांत्रिक कामाची नोंद ठेवावी असं बॅकअपच्या मॅन्युअलात पान ४ वर आहे. माझ्यापुरती. दुसऱ्या कोणी वाचू नये.
काम असं. मच्छिमार सोसायटीचा मेल सर्व्हर माझ्याकडे. टेलिफोन खात्यातून रिटायर झालो तेव्हा चेअरमन भाईंनी बोलावून घेतलं. कॉम्प्युटर कुठे शिकलो नाही, उघडून बघितला.
त्या सर्व्हरवर माझ्या बायकोच्या, नर्मदेच्या, एकशे सदतीस मेल आहेत. दर सोमवारी मासळी बाजार आटपून ती ऑफिसात यायची, मुलाला, निकेतला, जहाजावर काय कळवायचं ते सांगायची, मी टाइप करायचो. ती पंधरा मिनिटं बोलायची, मी तीन ओळींत बसवायचो. मेल आटोपशीर हवी.
ती गेली त्याला चार महिने झाले.
काल निकेतचा फोन. जहाजावरच्या मेल महिन्याभराने पुसून टाकतात, त्याच्याकडे एकही नाही. म्हणाला, बाबा, आयची तेवढी जपान ठेवा. जूनमध्ये वर्षश्राद्धाला येतो, तेव्हा छापून पुस्तक बांधूया, रिया मोठी झाली की आजीचं वाचील.
मी म्हटलं, नुसतं जपून काय, कायमचं ठेवतो.
तब्येत उत्तम. जेवतो वेळेवर.

२० ऑक्टोबर.
टेप ड्राइव्ह बसवला. बॅकअप क्लायंट, म्हणजे टेपवर प्रत काढणारा प्रोग्रॅम, सर्व्हरवर घातला. किती वर्षं ठेवायचं, असं विचारतो. एक, तीन, सात, कायम. ‘कायम’वर टिक केली. हलकं वाटलं.
रोजची वेळ दुपारी दीड. त्या वेळी मालवणात फक्त मांजरं जागी असतात.
मॅन्युअल सहाव्या प्रकरणापर्यंत वाचून झालं. नववं ‘चालू डेटाबेस’ असलेल्यांसाठी आहे. त्या मोठ्या कंपन्या. आपल्याला नको.

२१ ऑक्टोबर.
उद्घाटन. भाईंनी सर्व्हरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीत जा काय भरलेला आसा ता सांभाळ, खयचा विघ्न येव नको. क्लार्क रूपाली व्हय म्हाराजा म्हणाली. मीही म्हणालो.
दीडला सुरू, दोन वीसला संपलं. फाइल्सचा रिपोर्ट: घेतल्या ४३१२, सुटली १.
म्हणजे शेकडा नव्व्याण्णवच्या वर. मॅट्रिकला मला एक्केचाळीस होते.

२२ ऑक्टोबर.
घेतल्या ४३१२, सुटली १. रूपाली म्हणते, तात्यानू, ती एक खयची ता बगा मां. म्हटलं, पोरी, जाळं भरून आलं की एखादी मोरी मासळी निसटतेच. ती म्हणाली, व्हय, पण रोज तीच मोरी कशी काय निसटता?
तरुण माणसांना आकडे कळत नाहीत.

२९ ऑक्टोबर.
दर शुक्रवारची टेप लांब पल्ल्यासाठी बाजूला काढायची. खारी हवा वाईट. नर्मदेची लोणच्याची बरणी धुऊन घेतली, तळाशी तांदळाची पुरचुंडी, वर फडक्याचा दादरा बांधला. रूपालीने विचारलं, टेपेक मोहरी पण लावतल्यात काय? दुर्लक्ष केलं.
बरणी स्वयंपाकघरात होती तिथेच ठेवली.

६ डिसेंबर, सोमवार.
मॅन्युअल म्हणतं, दर महिन्याला टेपवरची एखादी फाइल परत आणून बघा. वाचलं. पण टेप पुन्हा पुन्हा फिरवली की झिजते. जानेवारीत बघू.
आज चुकून दोन खुर्च्या मांडल्या टेबलापाशी. रूपालीने एक उचलून नेली.

१० जानेवारी २००५.
चाचणी: भारनियमनामुळे पुढे ढकलली.

१७ फेब्रुवारी.
चाचणी: आंगणेवाडीची जत्रा आल्यामुळे पुढे. जत्रेला गेलो नाही. पण ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं.
‘एक फाइल सुटली’ ही सूचना रोज पडद्यावर येते. खाली एक चौकोन आहे: पुन्हा दाखवू नका. टिक केली. आता पडदा स्वच्छ.

१४ मार्च, सोमवार.
चाचणीला बसलो. आधी मूळ मेल कशी दिसते ते बघावं म्हणून तिची यादी उघडली. पहिल्या ओळीत विषय होता ‘पावस इलो’. बंद केली. सहाव्या प्रकरणाची उजळणी राहिली आहे हे आठवलं.

१८ एप्रिल.
रूपाली म्हणाली, तात्यानू, टेपी ऱ्हवांदेत, त्या मेली आदी कागदार काडून ठेवा. एक रिम लागात, मी देतंय. तिला समजावलं, कागदाला कसर लागते, छापणं म्हणजे अर्काइव्ह नव्हे. निकेत आला की एकदाच नीट छापू. ती म्हणाली, तुमका वाचूची नाय आसत, तर मी काडतंय. मी म्हटलं, पासवर्ड माझ्याकडे आहे.
जरा जोरात म्हटलं असावं.

२७ मे.
बरणीत एकतीस टेपा. दादरा घट्ट. निकेतला फोनवर सांगितलं, तुझ्या आईचं लोणचंसुद्धा इतकं टिकलं नव्हतं. तो हसला.

४ जून, शनिवार.
पहाटे वीज पडली. सर्व्हर मेला. कणकवलीहून माणूस आला, डिस्क हलवून कानाशी धरली, म्हणाला, संपली.
भाई खुर्चीत बसले. रूपाली माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, घाबरू नका. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्यासाठी तयारी केली तो दिवस आला.

७ जून.
नवी डिस्क. बरणी कडेवर घेऊन ऑफिसात गेलो. शुक्रवारची शेवटची टेप घातली. कुठे बुरशी नाही, डाग नाही. मोहरीचा किंचित वास.
४३१२ फाइल्स आल्या. पत्त्यांचा खेळ आला. गणपतीचं वॉलपेपर आलं. रूपालीचे रजेचे अर्ज आले. माझ्या मॅन्युअलच्या टिपणांच्या सतरा प्रती आल्या.
मेल नाही.

८ जून.
उरलेल्या एकतीसही टेपा बघितल्या. मग नववं प्रकरण वाचलं. मेल सर्व्हर सगळ्यांच्या सगळ्या मेल एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो. मेल चालू असेपर्यंत ती फाइल उघडी असते, आणि उघडी फाइल साधा क्लायंट उचलत नाही. आधी दहा मिनिटं मेल बंद ठेवायची. एवढंच.
रूपालीने चहा आणून ठेवला.

९ जून.
निकेत कुडाळ स्टेशनवर उतरला. हातात पुस्तकाला घालायचं कापड. सिंगापूरहून आणलंय, निळं. मेल गेल्याचं त्याला रिक्षात सांगितलं.
धामापूरचं तळं मागे पडलं. मग म्हणाला, आसांदे बाबा. तुम्हीच टाइप केलात मां? आठवता तेवढा लिवा.
बरोबर. हा सर्वात सोपा उपाय. एकशे सदतीस. रोज दहा केल्या तर चौदा दिवस.

१२ जून, रविवार.
तीन दिवस बसलो. जे टाइप केलं ते आठवतं. इथे सर्व ठीक. पाऊस आला. काळजी घे. सगळ्या साधारण तशाच.
ती काय बोलत होती ते आठवत नाही. नीरफणसाचं काहीतरी, शेजारच्या मथुराच्या गाईचं काहीतरी. मी त्या वेळी की-बोर्डवर अक्षरं शोधत होतो.
निकेतने विचारलं, एकसुद्धा नाय? एक आहे. शब्दन् शब्द. दर सोमवारी उठताना, पिशवी उचलून विचारायची: सगळा लिवलात मां?
ते मेलमध्ये नव्हतंच.
निकेत म्हणाला, मग तुम्ही काय म्हणायचात?
व्हय म्हणायचो.