सहा ग्लास आणि नवरीची गाडी

२१ ऑगस्ट, गुरुवार

ठरलं! रविवारी नवरीची गाडी मीच चालवणार. मार्लीनताईची अट एकच — थेंबही नाही. पण निघताना नवऱ्याकडच्यांसोबत अंगणात अरक, आमची बडीशेपेची दारू, प्यावीच लागते. नवरीच्या भावानंच ग्लास परतवला तर आख्ख्या डोंगरपट्ट्यात छी-थू! ताई म्हणाली, "मग घाल मला दरीत. तुझं नाक तरी वर राहील." तिच्या तोंडाला कोण लागणार!

२३ ऑगस्ट

आई म्हणजे आई! बडीशेप उकळून गाळली, वर दुधाचे थेंब — पाणी घालून पांढुरकी झालेली अरक हुबेहूब. वासही तोच. माझ्यासाठी तिचा जग वेगळा भरून ठेवलाय.

२४ ऑगस्ट, लग्न!

दमलोय, पण लिहिणारच. आमच्यात उष्ट्या ग्लासात पुन्हा अरक ओतत नाहीत, दर खेपेला नवा ग्लास. त्यामुळे माझ्यापुढे सहा रिकामे ग्लास उभे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! नवऱ्याचे मामा खूश — मेहुणा असावा तर असा.

मग घाट. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, टाळ्या. एकेक वळण अलगद घेतलं. ताई मागच्या सीटवर खुदुखुदु हसत होती. चर्चच्या दारात उतरली, माझा कान धरला आणि गालाचा पापा घेतला. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

चुलतभाऊ नाजी माझ्याबद्दल गावच्या पोरांना सांगत सुटलाय — सहा रिचवले, पण रबीहचा हात हलला नाही!

२६ ऑगस्ट

न्हाव्यानं दाढी अर्धी सोडून हकीकत ऐकली. मीही मीठमसाला लावला. आई म्हणते, पोरांना खरं सांगून टाक. म्हणजे जन्मभर बडीशेपवाला म्हणून हसतील! थोडे दिवस मिरवू दे की.

३० ऑगस्ट

पलीकडच्या गावात मित्राच्या पोराचं बारसं. सगळे गेले. ताईच्या सासरची मिठाई, तो बकलावा, पोटाला नडला, मी घरीच.

३१ ऑगस्ट

बारशाहून परतताना नाजीची गाडी घाटात कठड्यावर गेली. पाय तीन ठिकाणी मोडलाय. इस्पितळात मला पाहून हसायला गेला. म्हणाला, "तुला सहा पेलतात रे. मला चारही नाही पेलले."

सगळी पोरं खाटेभोवती होती. मी तिथंच सांगितलं, बडीशेपेचं पाणी होतं म्हणून.

कुणीच हसलं नाही.